वरच्या बाकावरचा खिळा

२ मार्च

गाई विकून सहा वर्षं झाली तरी हाताची सवय सुटत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी किती दूध निघालं ते लिहायचे, आता काय झालं ते लिहिते. काही झालं नाही तर लिहीत नाही.

आज झालं. गावमंडळाची सभा होती. मी कॉफी ठेवायला आतल्या खोलीत गेले आणि बाहेर येईपर्यंत अध्यक्ष झाले होते. आमच्याकडे हे असंच. जो खोलीत नाही त्याच्या गळ्यात घंटा. ताइस्तो मागच्या सभेत बाहेर जाऊन आला तर त्याच्याकडे रस्त्यावरचं बर्फ काढायचं काम लागलं होतं, ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याकडे. तो आज खुर्चीला चिकटून बसला होता. मला म्हणाला, "अभिनंदन, हिल्का. कॉफी पातळ झालीय."

विषय एकच, तळ्याकाठची सौना, गावाचं वाफेचं न्हाणीघर. फेब्रुवारीत धुराडी झाडणारा आला होता. त्यानं धुराड्यात हात घातला आणि बोटं भेगेतून बाहेर काढून आम्हाला दाखवली. म्हणाला, आजपासून इथे आग नाही. नाहीतर सौना जळेल आणि आत बसलेलेही. भिंतीचे खालचे ओंडकेही कुजलेत. नवं धुराडं, नवी भट्टी, ओंडके बदलायचे, एवढं झालं तर ती उभी राहील. नाहीतर पाडायची.

अनुदानाचा अर्ज मागच्या वर्षी मीच केला होता, सौना मी तापवते म्हणून. "सौना जुनी आहे. धुराडं खराब आहे. दुरुस्तीला पैसे पाहिजेत. हिल्का." एवढं पुरे होतं. परत आला. वर चिठ्ठी, की गरज स्पष्ट होत नाही.

सिर्का आमची खजिनदार. ती म्हणाली, असे अर्ज लिहून देणारी माणसं असतात, पैसे देऊन लिहून घेऊ.

"लिहायचे पैसे?"

"तुझ्या अर्जाला चार ओळी होत्या, हिल्का."

"त्यात खोटं काय होतं?"

सिर्कानं वहीत लिहून घेतलं. म्हणजे ठरलं.

६ मार्च

कुओपियो शहरातली एक बाई मिळाली, यानिका नावाची. आवाजावरून पस्तिशीच्या आतली. फोनवर आधी तिला माझ्या चार ओळी वाचून दाखवल्या आणि यात खोटं काय ते विचारलं. मग सरळ सांगितलं, अनुदान मिळालं तर त्यातला वाटा घे, नाही मिळालं तर काही नाही. म्हणजे तूही जीव लावून करशील.

ती म्हणाली, तसं मी करत नाही.

"का?"

"तू गाई ठेवायचीस ना? वासरू जगलं तर पैसे आणि मेलं तर फुकट, असा गुरांचा डॉक्टर होता का तुझ्याकडे?"

मी फोन ठेवून दिला. फार शहाणी. बटाटे सोलले, पायऱ्यांवरचं बर्फ काढलं, आणि परत फोन करून ये म्हटलं. उन्हाळ्यात सॉसेज विकून मंडळानं जे साठवलं होतं ते हिच्या घशात जाणार.

३० मार्च

यानिका आली. शहरातले पातळ बूट घालून आली आणि बर्फात घोट्यापर्यंत बुडाली. माझ्या नवऱ्याचे, रेइयोचे बूट दिले. दोन वर्षं दारामागे नुसते उभेच होते.

तिनं सिर्काला, ताइस्तोला आणि मला ओळीनं बसवून विचारलं, या सौनेमुळे गावात काय बदल होतो?

"माणसं स्वच्छ होतात," मी म्हटलं.

"काही काही," ताइस्तो म्हणाला.

तिनं ते लिहून घेतलं! मग विचारलं, ही सौना नसली तर कुणाचं काय जाईल? असं कोणी विचारतं का? घरी न्हाणीघर सगळ्यांकडे आहे. ताइस्तोकडे आहे पण त्यात तो मासळीची जाळी ठेवतो.

मग मी तिला सौना दाखवायला नेलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंड. विस्तव नसलेल्या सौनेला ओल्या राखेचा वास येतो, तो मला सोसत नाही. ती सरळ वरच्या बाकावर चढली आणि भट्टीजवळच्या कोपऱ्यात बसायला लागली.

"तिथे नको," मी म्हटलं. "खिळा वर आलाय."

ती उठून दुसऱ्या टोकाला बसली. विचारलं, कोण कधी येतं. सांगितलं. शनिवारी पाचला बायका, सहाला पुरुष, सातला घरची पाळी.

"घरची म्हणजे?"

"नवरा-बायको. ज्यांना हवं ते."

"मग सातला कोण कोण येतं?"

"आता कोणी नाही. मीच. दगड गरम असतातच, ऊब वाया कशाला घालवायची."

यावर तिनं काही लिहिलं नाही. नुसती भट्टीकडे बघत बसली. हिला काय लिहायचं आणि काय नाही तेही कळत नाही आणि आम्ही हिला पैसे देतोय.

जाताना म्हणाली बूट परत पाठवते. म्हटलं, सावकाश.

१३ एप्रिल

अर्जाचा कच्चा मसुदा आला. सिर्कानं स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचला. ऐकताना माझे कान तापले. आमचं गाव "एकजुटीचं". कुंपणाच्या वादावरून मी शेजारच्यांशी चार वर्षं बोलत नाही. सौना म्हणजे "गावाचं हृदय". ताइस्तो म्हणाला, हृदय असेल तर मग धुराडं कुठला अवयव ते विचारा तिला.

लगेच फोन लावला. "हे काढ."

"काय काढू?"

"कौतुक. आपली गाय चांगली म्हणून आपणच सांगत फिरायचं नसतं. दुसऱ्या दिवशी आटते."

"हिल्का, ज्या कपाटात हा अर्ज जाईल तिथे आणखी ढीगभर अर्ज आहेत. प्रत्येक जण आपली गाय चांगली म्हणतोय. तुम्हीच नाही म्हणालात तर त्यांना वाटेल, गायच नाही."

तासभर भांडलो. "हृदय" काढलं. "एकजुटीचं" जाऊन "वेळ पडली तर एकत्र येणारं" झालं, ते खरं आहे. एक वाक्य मात्र ती काढेना. या सौनेत गावातली माणसं जन्मली आणि गेलेल्यांना इथेच शेवटचं न्हाऊ घातलं. ताइस्तोनं सांगितलेलं दिसतंय.

"हे खोटं आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग राहू दे."

मी स्वतः तिथे जन्मले. आईला कशाचंच अवडंबर करायची सवय नव्हती. संध्याकाळी दूध काढलं, सौनेत गेली, सकाळी मला घेऊन आली. आणि रेइयोला मी आणि सिर्कानं तिथेच धुतलं. त्यात अर्जात लिहिण्यासारखं काय आहे?

२९ एप्रिल

अर्ज गेला. यानिकानं फोनवर मला दोन गोष्टी बजावल्या, लहान पोराला बजावतात तशा. एक, निर्णय येईपर्यंत एक खिळाही ठोकायचा नाही. आधीच सुरू केलेल्या कामाला पैसे देत नाहीत. दोन, अनुदानाच्या ऑफिसची बाई पाहायला येईल, तेव्हा जे आहे ते तसंच दिसू दे.

"कळलं," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी शाळेत कमी गेले, बहिरी नाही."

१९ मे

बर्फ तळ्यावरून गेलं. ऑफिसच्या बाईचा दिवस ठरला, अठ्ठावीस तारीख. तूलिक्की नाव आहे. सिर्का विचारते, वेलचीचे पाव करू की दालचिनीचे. म्हटलं दोन्ही कर.

२६ मे

काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

काल मी सौना झाडायला गेले. फक्त झाडायला. परकी बाई येणार आणि हिवाळ्याची राख, मेलेल्या माश्या तशाच? जे आहे ते दिसू दे म्हणाली, पण कचरा काही सौनेचा भाग नाही. झाडता झाडता खराट्याचा दांडा खालच्या फळीतून आरपार गेला. तिथे बाईचा पाय गेला तर? पाहुणीचा पाय मोडून अनुदान मिळतं का?

मी त्यावर एक फळी टाकावी म्हणून ताइस्तोकडे गेले. एक फळी मागितली. तो ट्रॅक्टरला गाडी जोडून आला, गाडीभर फळ्या. म्हणाला, पडूनच होत्या. त्याच्या मागे सिर्काचा नवरा करवत घेऊन. मग कुंपणवाला शेजारी आला. तो माझ्याशी बोलला नाही, पण पहार त्याचीच सगळ्यात चांगली. दुपारपर्यंत अर्धं गाव तळ्याकाठी. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. काम दिसलं की आमच्याकडे माणसं विचारत नाहीत, बाह्या सारतात. सिर्का सूप घेऊन आली.

मध्येच ती म्हणाली, "यानिकानं खिळा ठोकू नका म्हटलं होतं ना?"

सगळे थांबले. सगळ्यांना ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं.

ताइस्तो म्हणाला, "हे स्क्रू आहेत."

मग परत सुरू.

संध्याकाळपर्यंत खालच्या फळ्या नव्या, खिडक्या धुतलेल्या, दार लाल रंगवलेलं. धुराड्याला आणि ओंडक्यांना हात लावला नाही, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जुन्या फळ्या काठावर जाळल्या. इतकं चांगलं जळत होतं की कोणी उठेना.

एक गोष्ट. ताइस्तो हातोडी घेऊन वरच्या बाकावर चढला होता. म्हणाला, तो वर आलेला खिळा ठोकून टाकतो, ती पोरगी म्हणत होती. त्यानं सगळ्या कोपऱ्यावरून हात फिरवला. दोनदा.

"हिल्का, इथे खिळा नाही."

"नीट बघ."

"बघितलं."

"मग खाली ये."

"रेइयो इथेच बसायचा ना?" तो म्हणाला. मग खाली आला. नंतर बाक घासून काढले तेव्हा त्यानं बाकीच्यांना तो कोपरा घासू दिला नाही. म्हातारा आळशी झालाय.

२८ मे

यानिका आधी आली. लाल दार लांबूनच दिसतं. ती चालता चालता थांबली. आत जाऊन खाली बघितलं.

"हे काय आहे?"

"फळ्या."

"जुन्या कुठे आहेत?"

"जाळल्या."

ती पायरीवर बसली. रडली असती तर बरं झालं असतं, ओरडली असती तरी. नुसती बसली. मी म्हटलं, मागच्या वर्षी बदलल्या असं सांगू, कोण बघायला येतंय. तिनं मान वर केली. "मी खोटं लिहीत नाही. तू मला पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतंस, तुझ्या चार ओळींत खोटं काय होतं. मला तेव्हाच वाटलं होतं, या बाईचं काम करायचं."

पाव कुठे ठेवलेत ते बघायला गेले.

मग तूलिक्की आली. माझ्याच वयाची, थकलेली, चांगले बूट घातलेली. तिनं ताइस्तोला विचारलं, सौनेची अवस्था कशी आहे?

"ठीक आहे," तो म्हणाला.

सिर्काला विचारलं. "तक्रार करण्यासारखं काही नाही."

मला विचारलं. आता इतक्या लांबून आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं का? "चालतंय," मी म्हटलं. यानिका तळ्याकडे बघायला लागली.

तूलिक्कीनं काहीतरी टिपलं. धुराड्याची भेग बघितली, ओंडक्यात पेन खुपसलं, ते आत गेलं. मग निघता निघता भट्टीच्या दगडांवर हात ठेवला. लहान मुलाचा ताप बघतात तसा.

"कधीपासून थंड आहे?"

आणि मग ताइस्तो, जो हिवाळाभर दहा शब्द बोलत नाही, त्याला कंठ फुटला. म्हणाला, फेब्रुवारीपासून. म्हणाला, मला न्हाणीघर आहे, पण तिथे कोणी नसतं. म्हणाला, इथे शनिवारी दहा माणसं गप्प बसतात, घरी मी एकटाच गप्प बसतो, त्यात फरक आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिनं नवऱ्याला इथून पोचवलं. दोन वर्षं सातच्या पाळीला कोणी येत नाही, तरी ही तापवते. आणि भट्टी बंद आहे तेव्हापासूनही शनिवारी सातला येऊन बसते. थंडीत. आम्हाला खिडकीतून दिसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झाडायला येते! कोणीतरी झाडायला नको? ऑफिसच्या बाईला याच्याशी काय करायचंय? ती बिचारी रुमाल शोधत होती, डोळे लाल. बर्चच्या झाडांचे पराग यंदा फार आहेत. यानिकालाही त्रास होत होता.

कॉफी झाली. दालचिनीचे पाव संपले, वेलचीचे उरले.

ताइस्तोशी मी बोलणार नाही.

४ जून

यानिकाचा फोन. ऑफिसला तिनं जोडपत्र पाठवलंय, सगळं जसं झालं तसं लिहून. की फळ्यांचं काम गावानं आधीच केलं, नियम मोडला, त्याचे पैसे मागत नाही.

"आणि स्क्रूचं?"

"तेही लिहिलं."

"मग गेलं सगळं."

"कदाचित. हिल्का, पाहुणी येणार म्हणून गावानं एका दिवसात खालच्या फळ्या बदलल्या, असं लिहिलंय. मी एप्रिलमध्ये लिहिलेलं 'एकजुटीचं' तू खोडायला लावलंस. यापेक्षा चांगलं मला लिहिता आलं नसतं."

म्हटलं, चांगलं-वाईट सोड, धुराडं मिळणार का ते सांग. म्हणाली, माहीत नाही. एवढे पैसे घेऊन माहीत नाही.

माझ्याच हातानं घालवलं. एक खिळा ठोकू नको म्हटलं होतं. चाळीस वर्षं पहाटे गोठ्यात उठले, थांबणं कोणी शिकवलंच नाही.

२० जुलै

काही नाही. लिहीत नव्हते. सौनेसाठी लाकडं फोडते. लाकडं फोडणं म्हणजे काम सुरू करणं होतं का, ते यानिकाला विचारून घेतलं. ती हसली आणि नाही म्हणाली. थप्पी आता माझ्या खांद्याएवढी झालीय. ज्या सौनेत आग लावता येत नाही तिच्यासाठी. ताइस्तो आला, न बोलता फोडलेली रचायला लागला. मीही बोलले नाही. सोपं गेलं.

१४ सप्टेंबर

आलं. सिर्का पळत आली, या वयात. फळ्यांचे पैसे कापलेत, बाकी मंजूर. धुराडं, भट्टी, ओंडके.

आम्ही तिघं पायरीवर बसलो. ताइस्तो म्हणाला, "बरं झालं." सिर्का म्हणाली, "वाईट नाही." मग तिनं मला सांगितलं, मंजुरी ताइस्तो बोलला म्हणून मिळाली. मी म्हटलं, भेग बोलली. ऑफिसची माणसं आकडे बघतात, म्हाताऱ्यांच्या गप्पा नाही.

यानिकाला फोन केला. ती एवढ्या जोरात ओरडली की फोन लांब धरावा लागला. म्हटलं, काम करायचे पैसे घेतलेस, केलंस, त्यात ओरडायचं काय.

नंतर सिर्कानं सांगितलं, जूनमधल्या त्या जोडपत्राचे तिनं पैसे लावलेच नाहीत. हे मला आवडलं नाही. आम्ही काही भिकारी नाही. लोकर काढून मोजे विणायला घेतलेत, जाड. ते पातळ बूट घालून ही पुढच्या हिवाळ्यात मरेल.

३० नोव्हेंबर

धुराडी झाडणारा सकाळी आला, हात घातला, या वेळी बोटं कुठूनच बाहेर आली नाहीत. सही केली.

दुपारी भट्टी पेटवली. नवी भट्टी हट्टी आहे, पण धूर सरळ वर गेला. तळ्यावर नवं बर्फ, त्यावर धुराची सावली पडली होती. पाचला बायका, सहाला पुरुष. आत कोणी फार बोललं नाही. बाहेर पडताना कुंपणवाला शेजारी लालबुंद होऊन मला म्हणाला, "चांगली वाफ आहे." चार वर्षांत पहिलं वाक्य.

यानिका पाचला येणार होती, तिची बस अडकली. पोचली तेव्हा सात वाजून गेलेले, सगळे गेलेले. हातात रेइयोचे बूट, पुसून, नवी नाडी घालून. म्हणाली, उशीर झाला, मी पुढच्या वेळी येईन.

"कपडे काढ," मी म्हटलं. "दगड गरम आहेत. ऊब वाया कशाला घालवायची."

ती आत आली, वरच्या बाकावर चढली आणि माझ्याकडे बघून थांबली. भट्टीजवळचा कोपरा सोडून उभी राहिली, डोकं छताला लागत होतं.

"इथला तो खिळा," तिनं विचारलं, "काढला का?"

मी पळीभर पाणी घेतलं.

"काढला," म्हटलं. "बस."

आणि दगडांवर पाणी टाकलं.